स्त्रीबीजाचें शीतरक्षण

पुढील पेरणीचें बियाणें राखेंत घोळून कणगींत जपून ठेवण्याची रीत आपल्या शेतकऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तें टिकतें तें कोरडें असतें म्हणून. ओल लागली कीं नासलेंच. स्त्रीबीजाची गोष्ट नेमकी उलट आहे. मनुष्यदेहांतील ही सर्वांत मोठी पेशी, एकदशांश मिलिमीटर व्यासाची, आणि पाण्यानें भरलेली. तें बीज टिकवावयाचें म्हणजे प्रथम पाण्याशींच झुंजावयाचें. ह्या झुंजीचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. कारण तिचें फळ आज सुशिक्षित घरांच्या दाराशीं येऊन उभें आहे, आणि फळाची जाहिरात जितकी कानीं पडते, तितका त्याचा इतिहास पडत नाहीं.

निसर्गाचा हिशेब ह्या बाबतींत मोठा कठोर आहे. मुलगी जन्मास येते ती दहा ते वीस लाख बीजें घेऊन. वयांत येईतों त्यांतील तीन-चार लाखच उरतात, आणि नवी भर सहसा पडत नाहीं. पस्तिशीनंतर संख्या व गुण दोन्ही झपाट्यानें उतरतात. म्हणून बीज थंडींत ठेवून त्याचें वय थांबवावें, हा विचार सुचणें कठीण नव्हतें. कठीण होतें तें पाणी. गोठतांना त्याचे स्फटिक होतात आणि सुयांप्रमाणें पेशीला आंतून भोसकतात.

पहिली वाट सांपडली ती योगायोगानें. १९४९ सालीं लंडन येथील मिल हिलच्या प्रयोगशाळेंत पोल्ज, स्मिथ व पार्क्स हे कोंबड्यांचे शुक्राणु गोठवूं पाहत होते. साखरेची म्हणून घेतलेली बाटली ग्लिसरीनची निघाली, आणि शुक्राणु मात्र जिवंत राहिले! ग्लिसरीन स्फटिकांना आवर घालतें, हें तेव्हां कळलें. १९५३ सालीं अमेरिकेंत गोठविलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्याचें प्रसिद्ध झालें. स्त्रीबीज मात्र दाद देईना. त्याचीं गुणसूत्रें ज्या नाजुक तंतूंवर मांडलेलीं असतात, ते तंतु थंडीनें विसकटत. बाहेरचें कवच ताठर होऊन शुक्राणूस आंत शिरूं देत नसे.

बीजाआधीं गर्भाला यश आलें, आणि त्या कथेंतील एक प्रकरण आपल्याच देशांतलें आहे. ३ ऑक्टोबर १९७८ रोजीं, म्हणजे इंग्लंडांतील पहिल्या परीक्षानलिका-बालिकेनंतर सत्तर दिवसांनीं, कलकत्त्यास एक मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनीं शरीराबाहेर फलित केलेला गर्भ गोठवून कांहीं आठवड्यांनीं मातेच्या उदरांत ठेवला होता. राज्य सरकारनें नेमलेल्या समितीनें त्यांचा दावा खोटा ठरविला. १९८१ सालीं त्यांनीं आपल्या आयुष्याचा अंत केला. पुढें मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनीं ६ ऑगस्ट १९८६ रोजीं कन्या जन्मली आणि ती देशांतील पहिली गणली गेली. परंतु मुखोपाध्यायांचीं टिपणें पाहिल्यावर १९९७ सालीं आनंदकुमारांनींच तो पहिलेपणाचा मान त्यांना देऊन टाकला. स्वतःच्या कीर्तीचा असा त्याग विज्ञानाच्या इतिहासांत विरळा.

त्याच १९८६ सालीं ऑस्ट्रेलियांत ॲडलेड येथें ख्रिस्तोफर चेन यांनीं गोठविलेल्या स्त्रीबीजापासून जुळीं जन्मल्याची वार्ता दिली. त्यानंतर बराच काळ यश तुरळकच राहिलें. ब्रसेल्स येथें १९९२ सालीं एकच शुक्राणु सुईनें बीजांत सोडण्याची युक्ति निघाली आणि ताठर कवचाची अडचण सरली. बोलोन्या येथें १९९७ सालीं तिचा गोठविलेल्या बीजासाठीं सफल उपयोग झाला. उरलें पाणी. तें हळूहळू गोठवावें हा जुना नियम सोडून, क्षणार्धांत गोठविण्याकडे संशोधक वळले. जपानांत कुवायामा यांनीं बारीकशा पट्टीवर थेंबभर द्रवांत बीज ठेवून तें शून्याखालीं १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्यें बुडविण्याची रीत २००५ च्या सुमारास रूढ केली. स्फटिक बनण्यास अवधिच न मिळाल्यानें पाणी काचेसारखें घट्ट होतें. २०१२ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञसंस्थेनें ह्या उपायावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला.

ज्या तरुणीस कर्करोगावर जहाल औषधें घ्यावयाचीं आहेत, तिला हें वरदान आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु २०१४ सालीं फेसबुक व ॲपल ह्या कंपन्यांनीं नोकरदार स्त्रियांच्या बीजरक्षणाचा खर्च देऊं केला, तेव्हां निराळाच प्रश्न उभा राहिला. स्त्रीला अवधि देणें चांगलें. पण तिला योग्य वयांत आई होऊं देईल अशी कामाची व्यवस्था न करतां तिचें बीजच थांबवून ठेवणें, ही सवलत कीं पळवाट? शिवाय थंडीनें बीजाचें वय थांबतें, मातेच्या देहाचें नाहीं. वितळतांना कांहीं बीजें जातात, कांहीं फळत नाहींत. एका अपत्याच्या आशेस अनेक बीजें लागतात, आणि तींही तरुण वयांत ठेवलेलीं. आपल्याकडे २०२१ च्या कायद्यानें अशा रुग्णालयांस व बीजपेढ्यांस नोंदणी सक्तीची केली, हें योग्यच झालें. पण नोंदणीपेक्षांही मोलाची गोष्ट म्हणजे दाराशीं आलेल्या स्त्रीस हा सारा हिशेब आधीं उघड करून सांगणें. साठविलेलें बियाणें म्हणजे हातीं आलेलें पीक नव्हे, एवढें तिला कळलें, म्हणजे निर्णय तिनें सुखानें घ्यावा. तो घेण्याचा अधिकार तिचाच आहे.