ब्रॉड स्ट्रीट, घर क्रमांक ४०: एका जीर्ण नालीचा इतिहास

१/ १८५४ सालच्या लंडनमधील पटकीच्या साथीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. डॉ. जॉन स्नो, ब्रॉड स्ट्रीटवरचा हातपंप आणि त्या पंपाचा काढून टाकलेला दांडा. पाठ्यपुस्तकातील गोष्ट बहुधा तिथेच संपते. पंपाखालच्या विहिरीत ते विष आले कुठून, या प्रश्नाचे उत्तर मात्र पुढे सात महिन्यांहून अधिक काळ कोणापाशीही नव्हते. ते सापडले एका घरासमोर, जमिनीत गाडलेल्या सांडपाण्याच्या नालीत. हा थ्रेड त्या नालीविषयी आहे.

२/ आधी स्थळ पाहू. लंडनचा सोहो हा भाग. एकेकाळी सुखवस्तू कुटुंबांसाठी बांधलेली इथली घरे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खोल्याखोल्यांनी भाड्याने गेली होती. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात आता अनेक कुटुंबे राहत. माणसे वाढली, मैला वाढला. जमिनीखालची व्यवस्था मात्र जुनीच राहिली. अनेक घरांच्या तळघराशी मैल्याचा खड्डा असे. त्यातून एखादी विटांची नाली रस्त्यातील गटाराकडे जाई. कधी तीही नसे.

३/ ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री साथीचा भडका उडाला. त्यानंतरच्या दहा दिवसांत ब्रॉड स्ट्रीटच्या आसपासच्या काही शे यार्डांच्या परिसरात पाचशेहून अधिक माणसे दगावली. मृतांचा आकडा अखेरीस ६१६ वर गेला. त्या काळचा प्रस्थापित समज असा की रोग दुर्गंधीतून, दूषित हवेतून पसरतो. शिवाय १६६५ च्या प्लेगमधील मृतांची दफनभूमी नव्या गटाराच्या खोदकामात उकरली गेली, म्हणून हे संकट आले, अशीही वदंता परिसरात होती.

४/ स्नो यांचे मत वेगळे होते. पटकी पाण्यावाटे पसरते, हा विचार त्यांनी १८४९ मध्येच मांडला होता. त्यांनी मृतांचे पत्ते तपासले आणि ते पंपाभोवती दाटलेले आढळले. अपवादही तितकेच बोलके होते. त्याच रस्त्यावरील मद्यनिर्मितीच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार होते आणि त्यांतला एकही दगावला नाही. ते बिअर पीत. कारखान्याची विहीरही स्वतंत्र होती. जवळच्या निराधारगृहातील ५३५ रहिवाशांपैकी केवळ पाच जण गेले. तिथेही स्वतःची विहीर होती.

५/ ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो यांनी सेंट जेम्स पॅरिशच्या पालक मंडळापुढे आपले म्हणणे मांडले. दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. स्वतः स्नो यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे की तोवर साथ ओसरू लागली होती. अनेक रहिवासी परिसर सोडून गेले होते. त्यामुळे दांडा काढल्यानेच साथ थांबली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी. थ्रेडच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

६/ मग विहीर दूषित कशी झाली? विहीर उघडून आतून तपासली गेली. सुमारे २८ ते ३० फूट खोल विहीर, विटांचे अस्तर. त्यात भोक नाही, भेग नाही, असा निर्वाळा मिळाला. पाणीही दिसायला जवळजवळ नितळ होते. स्नो यांनी प्रथम ते तपासले तेव्हा त्यांनाही त्यात फारशी घाण आढळली नव्हती. पटकीचा जंतू ठामपणे दाखवून देणारे रॉबर्ट कॉख यांचे काम अजून तीस वर्षे दूर होते. स्नो यांच्या सिद्धान्ताची साखळी नेमकी इथे तुटत होती.

७/ ती सांधली एका तरुण धर्मोपदेशकाने. हेन्री व्हाइटहेड हे त्याच भागातील सेंट ल्यूक चर्चचे सहायक पाद्री. साथीत ते घरोघरी फिरले होते. स्नो यांचे मत त्यांना आरंभी मुळीच पटले नव्हते. ते चूक ठरवण्याच्या हेतूनेच त्यांनी चौकशी आरंभली. पुढे ते पॅरिशच्या चौकशी समितीत आले आणि गोळा केलेल्या पुराव्यानेच त्यांचे मत पालटले. आपल्या विद्यार्थिवर्गाने मनोभावे नमस्कार करावा, अशी ही माणसे.

८/ १८५५ च्या वसंत ऋतूत मृत्युनोंदी चाळताना व्हाइटहेड एका ओळीवर थबकले. घर क्रमांक ४०, ब्रॉड स्ट्रीट. २ सप्टेंबर रोजी पाच महिन्यांच्या मुलीचा मृत्यू. मृत्यूच्या चार दिवस आधी अतिसार. म्हणजे बाळ आजारी पडले ते साथीचा भडका उडण्यापूर्वी. आणि पंप होता याच घराच्या दारासमोर! व्हाइटहेड त्या बाळाच्या आईला, सेरा लुईस यांना भेटले. बाळाची दुपटी भिजवलेले पाणी त्यांनी कुठे ओतले होते? काही पाणी घराच्या दर्शनी बाजूस, तळघराशी असलेल्या मैल्याच्या खड्ड्यात.

९/ आता विहिरीत डोकावणे पुरेसे नव्हते; घराची नाली उघडणे भाग होते. एप्रिल १८५५ मध्ये पॅरिशचे सर्वेक्षक जेहोशाफट यॉर्क यांनी खोदकाम केले. त्यांचे निष्कर्ष आजही एखाद्या अनुभवी प्लंबरच्या टिपणासारखे वाटतात. नाली जुन्या पद्धतीची: तळ सपाट, रुंदी १२ इंच, दोन्ही बाजूंस सुमारे १२ इंच उंचीच्या विटांच्या भिंती, वर जुन्या दगडांचे झाकण. गटाराच्या दिशेने उतार अगदी नाममात्र. परिणामी तळाशी सुमारे दोन इंच गाळ साचलेला.

१०/ गाळ काढल्यावर खरी स्थिती दिसली. तळाच्या दगडांमधला चुना पूर्ण झडून गेला होता. भिंतींच्या विटांचे सांधेही तसेच. नालीची अक्षरशः चाळण झाली होती. मैल्याच्या खड्ड्याची अवस्था याहून निराळी नव्हती. त्याच्या विटा जोर न लावता हाताने उचलता येत. ही नाली विहिरीच्या विटकामापासून केवळ २ फूट ८ इंचांवरून जात होती आणि तिचा तळ विहिरीतील पाण्याच्या पातळीहून उंच होता. मधली माती झिरपलेल्या घाणीने चिंब भिजलेली होती.

११/ आता पहिली तपासणी का फसली, ते कळते. विहिरीच्या अस्तराला भोक नव्हते हे खरेच. पण पाझराला भोक लागत नाही. भिजलेली माती आणि विटांचे सूक्ष्म सांधे त्याला पुरतात. पाण्याकडून पाहणाऱ्याला सारे ठीक दिसले. मैल्याच्या बाजूने पाहिल्यावर दोष दिसला. गाडलेल्या नालीची परीक्षा तिची स्वतःची बाजू उघडूनच करावी लागते, हा या प्रकरणाचा पहिला धडा.

१२/ दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. ही नाली ऑगस्ट १८५४ मध्ये एकाएकी फुटली नव्हती. उतार अपुरा, म्हणून पाणी मंदावले. पाणी मंदावले, म्हणून गाळ बसला. गाळ बसला, म्हणून पाणी तुंबून सांध्यांतून बाहेर पडू लागले आणि चुना झडत गेला. अशी झीज काही दिवसांत होत नाही. त्या काळात घरातील पाणी ‘जात’ होते, म्हणून कोणाला शंका आली नाही. ते कुठे जात होते, हे कोणी पाहिले नाही.

१३/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाने यातून हळूहळू बोध घेतला. हेन्री डोल्टन यांनी १८४६ मध्ये लॅम्बेथ येथे झिलईदार स्टोनवेअर नळांचे उत्पादन सुरू केले होते. गोल, गुळगुळीत, पाणी न शोषणारे हे नळ विटांच्या नाल्यांची जागा घेऊ लागले. १८५८ च्या ‘ग्रेट स्टिंक’नंतर जोसेफ बॅझलजेट यांची प्रचंड गटारयोजना आकाराला आली. परंतु रस्त्याखालचे गटार कितीही उत्तम असले, तरी घरापासून तिथवरची नाली फुटकी असेल तर उपयोग काय?

१४/ हा प्रश्न थेट राजघराण्यापर्यंत पोहोचला. १८७१ मध्ये युवराज एडवर्ड यांना विषमज्वर झाला आणि ते मृत्यूच्या दारातून परतले. स्कारबरोमधील ज्या हवेलीत ते पाहुणे होते, तेथील आणखी एक पाहुणे, अर्ल ऑफ चेस्टरफील्ड, त्याच आजाराने वारले. संशय हवेलीच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेवर गेला. श्रीमंतीचा नालीशी संबंध नाही, हे उच्चभ्रू समाजाला तेव्हा उमगले आणि घरांच्या नाल्या तपासून घेण्याची चालच पडली.

१५/ तपासण्याच्या रीतीही मोठ्या रंजक. घराच्या उंचावरील तोंडातून गरम पाण्यासह पेपरमिंटचे तेल नळात ओतायचे आणि दुसऱ्या माणसाने खोल्याखोल्यांतून वास घेत फिरायचे. ओतणाऱ्याने मात्र घरात पाऊल टाकायचे नाही, नाहीतर त्याच्याच अंगाचा दरवळ फसवणार! कोणी नळात धूर भरून तो कुठून बाहेर पडतो ते पाही. सर्वांत कठोर कसोटी पाण्याची: खालचे तोंड बंद करून नळ भरायचा आणि पातळी उतरते का, ते पाहायचे.

१६/ कॅमेरा आज नळातून सरकतो, पण वाचायच्या खुणा यॉर्क यांच्याच आहेत. एकाच जागी एकदा तुंबले, तर ती सफाईची बाब. साफ करूनही पुन्हापुन्हा तुंबत असेल, वरच्या मजल्यावर पाणी सोडताच तळमजल्याच्या मोरीत गुडगुड होत असेल, नालीच्या रेषेवरची फरशी खचत असेल, भर उन्हाळ्यात तिथे ओल राहत असेल किंवा झाडाची मुळे सांध्यांतून आत शिरली असतील, तर नाली उघडून पाहण्याची वेळ आली आहे.

१७/ आणि बदलायची कधी? एखादाच सांधा गेला असेल, तर डागडुजी चालते. सांधे सर्वत्र निसटले असतील किंवा मूळ उतारच चुकला असेल, तर डागडुजी व्यर्थ आहे. नाली नव्याने घालावी लागते. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. पाणी ठरावीक वेळीच येते आणि एरवी जलवाहिनीतला दाब उतरतो. अशा वेळी शेजारच्या फुटक्या नालीतील घाण जलवाहिनीच्या सैल सांध्यांतून आत खेचली जाऊ शकते. जमिनीखालची टाकी आणि ड्रेनेजचा चेंबर शेजारी असतील, तर ब्रॉड स्ट्रीटचे ते २ फूट ८ इंच आठवावेत.

१८/ आता पाचव्या पोस्टमधील त्या दांड्याकडे. दांडा निघाला ८ सप्टेंबरला. त्याच दिवशी घर क्रमांक ४० मध्ये आणखी एक माणूस पटकीने आजारी पडला: त्या बाळाचे वडील, पोलीस शिपाई थॉमस लुईस. १९ सप्टेंबरला ते वारले. त्या अकरा दिवसांत त्यांच्याही आजाराची घाण त्याच घरातील त्याच खड्ड्याकडे, त्याच चाळण झालेल्या नालीकडे जाण्याचा संभव होता. पंप सुरू असता तर ओसरलेली साथ कदाचित पुन्हा उसळली असती. दांडा काढल्याचे खरे मोल इथे आहे.

१९/ म्हणून या कथेत दोन कामे वेगळी ओळखावीत. दांडा काढणे हा तातडीचा उपाय होता आणि त्याने कदाचित माणसे वाचली. परंतु रोगाची वाट जमिनीखाली तशीच उघडी होती. ती सापडली, कारण एका पाद्र्याने स्वतःच्या मताविरुद्ध जाणारी नोंद दडवली नाही आणि एका सर्वेक्षकाने फरशी उचलून नाली उघडली. सोहोतील त्या रस्त्याला आज ब्रॉडविक स्ट्रीट म्हणतात. तिथे दांडा नसलेल्या पंपाची प्रतिकृती उभी आहे. त्या नालीचे स्मारक नाही. तिची आठवण आपण ठेवावी.