मुळशीचे पाणी आणि पडद्यावरील झळाळी

चित्रपटाच्या इतिहासलेखनात नटनट्या, दिग्दर्शक आणि संगीतकार यांना जे स्थान मिळाले, ते प्रकाशाला मिळालेले नाही. वस्त्रे, दागिने आणि चेहरा यांना पडद्यावर जी झळाळी येते, जिला आपण आज फॅशन-छायाचित्रणाची चकाकी म्हणतो, तिचा महाराष्ट्रातील पूर्वेतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्याचा आरंभ मुळशी खोऱ्यापासून करण्यास कारण आहे. ही झळाळी विजेच्या दिव्यांवाचून अशक्य होती. आणि मुंबईला वीज पुरविणाऱ्या टाटांच्या तीन जलविद्युत केंद्रांपैकी एकाचे पाणी मुळशीचे होते.

खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. पुण्याच्या दिशेने वाहणाऱ्या मुळेचे पाणी मुळशी येथे अडवून, बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे वळवून ते कोकणात भिऱ्याला उतरविण्यात आले. त्यासाठी भातखाचरे आणि गावे बुडणार होती. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांचे नाव मुळशीशी कायमचे जोडले गेले. या लढ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. मात्र धरणाच्या बाजूने ‘मुंबईच्या गिरण्या’ हा जो युक्तिवाद होता, त्यापलीकडे या विजेचे दुसरेही ग्राहक होते, याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

विजेपूर्वी चित्रपटाचा दिवा म्हणजे सूर्य. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) उन्हाच्या आधारानेच चित्रित झाला. त्या काळची फिल्म निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. परिणामी आकाश पांढरे पडे, गव्हाळ त्वचा प्रत्यक्षाहून काळवंडे आणि कपाळावरील कुंकू काळा ठिपका होऊन उमटे. नटाच्या चेहऱ्यावरील रंगाचे जाड थर हे नाटकी हौसेपेक्षा या रासायनिक अडचणीचे उत्तर होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटासाठी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. पेंटर मुळात चित्रकार आणि शिल्पकार. छाया कोठे पडू द्यावी हा प्रश्न त्यांना कॅमेऱ्याने नव्हे, कुंचल्याने शिकविला होता.

खरे स्थित्यंतर बोलपटाने घडविले. अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. स्टुडिओजवळून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्याचे बरेचसे चित्रण रात्री करावे लागले. म्हणजे आवाजाच्या अडचणीने सूर्याला स्टुडिओबाहेर घालविले आणि सारा भार दिव्यांवर आला! गुणगुणणारे कार्बन-आर्क दिवे ध्वनियंत्रास त्रासदायक ठरत. तारेचे दिवे शांत असत. त्यांचा प्रकाश तांबूस असल्याने जुन्या फिल्मवर तो निरुपयोगी होता, पण सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मने ती अडचण दूर केली. भिऱ्याची वीज तोवर चार वर्षे मुंबईत वाहत होती. एकाच जाळ्यात अनेक केंद्रांची वीज मिसळते. कोणत्या दिव्यात कोणत्या धरणाचे पाणी उजळले हे वेगळे काढता येत नाही. परंतु त्या जाळ्यात मुळशीचा वाटा होता, एवढे निश्चित.

येथे झळाळीचे तंत्र थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण त्याविषयी सार्वत्रिक गैरसमज असा की भरपूर प्रकाश टाकला म्हणजे चित्र चकचकीत होते. भरपूर प्रकाशाने चित्र केवळ सपाट होते. रेशीम, मोती, तेल लावलेले केस आणि गालाचा उंचवटा यांवर दिव्याचेच प्रतिबिंब पडत असते. दिवा लहान व उघडा असेल तर ते टोकदार ठिणगीसारखे दिसते. दिव्यापुढे पातळ कापड ताणून त्याचे क्षेत्र वाढविले तर तेच प्रतिबिंब पसरून मऊ तेज होते. नथीच्या मोत्याला पहिला प्रकाश शोभतो, चेहऱ्याला दुसरा. एका चौकटीत दोहोंचा मेळ घालणे हे छायालेखकाचे खरे कसब होय. त्यासाठी मुख्य दिवा चेहऱ्यासमोर व किंचित वर ठेवतात, मागील दिव्याने केसांची कड उजळून आकृती पार्श्वभूमीपासून सोडवितात आणि सावल्यांत किती प्रकाश भरावयाचा हे अखेरीस ठरवितात. सावली पूर्ण पुसली तर चकाकीही जाते.

मुंबईत या शैलीचे सर्वांत शिस्तबद्ध रूप बॉम्बे टॉकीजमध्ये दिसते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या मालाडच्या या संस्थेत म्युनिकचे छायालेखक जोसेफ विर्शिंग काम करीत. ‘अछूत कन्या’ (१९३६) मधील देविकाराणी खेड्यातील अस्पृश्य मुलीच्या भूमिकेत आहेत, तरी त्यांच्या चेहऱ्यावरील प्रकाश शहरी तारकेचाच आहे. हा दोष मानावा काय? प्रस्तुत लेखकाच्या मते होय. पण प्रेक्षकांना हवी होती तीच ही चूक.

त्याच वर्षी पुण्यात प्रभातने ‘संत तुकाराम’ पूर्ण केला. १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या या कंपनीकडे साधनांची वाण नव्हती. तरीही व्ही. अवधूत यांच्या छायालेखनात तुकारामांच्या घरावरील प्रकाश घराचाच वाटतो. झळाळी आणणे जसे तंत्र, तसे ती हात आखडून नाकारणे हेही तंत्रच.

पुढे रंगीत निगेटिव्हच्या काळात चकाकीचा भार दिव्यांइतकाच एक्स्पोजरवर आला. निगेटिव्हला आवश्यकतेपेक्षा अर्धा ते एक स्टॉप अधिक प्रकाश द्यावयाचा आणि प्रिंट काढताना ती पुन्हा गडद करावयाची, ही रीत जाहिरातपटांत विशेष रुळली. अधिक प्रकाशामुळे निगेटिव्ह दाट होते, काळा रंग खोल उतरतो, कण दिसत नाहीत आणि फिल्मच्या गुणधर्मामुळे तेजस्वी भाग एकदम न फुटता हळूहळू पांढरे होतात. उलट कमी प्रकाशात काळा रंग राखाडी होतो, आणि काळा राखाडी झाला की पैठणीचा जरही निस्तेज दिसतो. डिजिटल संवेदकाचे वर्तन याउलट आहे. त्याचे पांढरे भाग एका मर्यादेनंतर अचानक कापले जातात, म्हणून फिल्मवर हात बसलेल्यांना प्रकाश कमी देण्याची नवी सवय लावून घ्यावी लागली.

आज मुळशी धरणाच्या पाणफुगवट्याकाठी वधूवरांची चित्रणे होतात. दुपारच्या उन्हात तेथे मोठी अडचण असते ती पाण्यावरील चमकेची. शालू आणि दागिने यांचे तेज तिच्यापुढे फिके पडते. त्यावर उपाय म्हणून भिंगापुढे पोलरायझर लावतात. तो योग्य कोनात फिरविला की पृष्ठभागावरील चमक नाहीशी होते, पाणी काळेभोर दिसू लागते आणि काठालगत उथळ जागी तळाची जमीन दिसते.