रकमेअखेरचा ‘फक्त’ आणि मराठी ‘मात्र’

जुनीं खतें, रोखे व पावत्या जमविणारे गृहस्थ कागद हातीं पडला कीं प्रथम शक पाहतात, मग शिक्का पाहतात, मग नांवें वाचतात. रकमेच्या अखेरीस उभा असलेला एक अडीच अक्षरांचा शब्द बहुधा कोणाच्या नजरेंत भरत नाहीं. ‘अक्षरीं रुपये एकशें फक्त’ या लेखनांतील ‘फक्त’ हा तो शब्द होय. जुन्नर तालुक्यांतील आमच्या येडगावच्या शेतकऱ्याच्या हातीं आज येणारी पतपेढीची पावती घ्या किंवा बँकेचा चेक घ्या. रक्कम अक्षरीं लिहिली कीं तिच्यापुढें हा शब्द येतो. चेक इंग्रजींत लिहिला असेल तर तेथें ‘ओन्ली’ असतो, हिंदींत लिहिला असेल तर ‘मात्र’ असतो. अलीकडे हिंदीच्या अनुकरणानें मराठी मजकुरांतही कोठें कोठें ‘फक्त’ जाऊन ‘मात्र’ आलेला दिसतो, आणि शब्द संस्कृत असल्यामुळें तो अधिक शुद्ध असें मानणारेही आहेत. हें मत आम्हांस मान्य नाहीं. तें कां मान्य नाहीं हें सांगण्यासाठीं या दोन अव्ययांचें कुळ व शील पाहणें अवश्य आहे.

‘फक्त’ हा शब्द मूळ अरबी. ‘फ’ म्हणजे ‘तर, म्हणून’ आणि ‘कत्’ म्हणजे ‘पुरे’; दोन्ही मिळून ‘तर इतकें पुरे’ असा त्याचा अवयवार्थ. या ‘कत्’चा संबंध ‘कापणें’ या अर्थाच्या अरबी धातूशीं जोडतात. फारशी लेखक बोरूच्या टोकाला जो तिरपा छेद देत, त्यालाही याच धातूचा शब्द लावीत असत, हें हस्तलिखितांच्या अभ्यासकांस रुचेल. म्हणजे लेखणी जेथें कापली जाते तेंही ‘कत्’, आणि लेखणीनें मजकूर जेथें तोडला जातो तेंही ‘फकत्’. उर्दू पत्रांच्या शेवटीं, रकमेचा कांहीं संबंध नसतांना, एकटा ‘फकत’ लिहिण्याची चाल होती. तेथें त्याचें भाषांतर ‘केवळ’ असें करणारा फसेल. तेथें त्याचा अर्थ ‘मजकूर संपला’ एवढाच.

मराठींत या शब्दाच्या दोन जागा आहेत व त्या निरनिराळ्या आहेत, ही गोष्ट आमच्या पाहण्यांतील व्याकरणांत सांगितलेली नाहीं. ‘त्यानें फक्त शंभर रुपये दिले’ असें म्हटलें म्हणजे बोलणाऱ्याची तक्रार आहे. शंभर ही रक्कम त्याला थोडी वाटते. ‘रुपये शंभर फक्त’ असें लिहिलें म्हणजे कसलीही तक्रार नाहीं. शंभर थोडे कीं फार याविषयीं लेखक उदासीन आहे. एक लाख लिहिले तरी पुढें ‘फक्त’ येणारच. आधीं येणारा ‘फक्त’ वस्तूचें मोल ठरवितो, मागून येणारा तिला कुंपण घालतो. मराठी वाक्याचा सहज क्रम पहिला. दुसरा क्रम हा फारशी कारकुनी लेखनाचा अवशेष असून तो हिशेबाबाहेर बोलण्यांत क्वचितच येतो.

कुंपण कां लागतें हें सांगावयास नको. ‘शंभर’च्या पुढें मोकळी जागा राहिली तर तेथें ‘पन्नास’ बसवितां येतात. इ. स. १८८१ च्या पराक्राम्य लेखांच्या कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणें आंकडे व अक्षरें यांत भेद पडल्यास अक्षरीं लिहिलेली रक्कम धरावयाची असते. अर्थात् चोराचें लक्ष अक्षरांकडे असणार, व पहाराही तेथेंच हवा. याच गरजेपोटीं उत्तरेकडील दस्तैवजांत रकमेसोबत तिची ‘निस्फ’ म्हणजे निम्मी रक्कमही नमूद करीत. शंभराचे पन्नास लिहिले कीं शंभराचे दीडशें करणाराला दोन ठिकाणीं खोटें करावें लागे. आमच्या मोडी कागदांत आधीं आडवी रेघ ओढून तिच्याखालीं अक्षरें सलग, शब्दांत अंतर न ठेवितां लिहीत. तोही एक पहाराच होता. कागदाच्या शेवटीं ‘मोर्तब सुद’ येई. तीं अक्षरें फारशी. शिवाजी महाराजांच्या पत्रांअखेरची ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा संस्कृत. भाषा दोन, काम एक: येथून पुढें कोणी कांहीं लिहूं नये. रकमेपुढील ‘फक्त’ हा या मर्यादामुद्रेचा धाकटा भाऊ समजावा.

हा अरबी शब्द मराठी लेखणींत कसा रुळला याचें नवल जुन्नर प्रांताच्या रहिवाशास वाटूं नये. मलिक अहमदानें इ. स. १४९० त जुन्नर येथें स्वतंत्र सत्ता उभारली. अहमदनगर त्यानंतर वसलें. निजामशाही व आदिलशाही फर्मानांत वर फारशी व खालीं मराठी असा दुहेरी मजकूर आढळतो. विजापुरास पहिल्या इब्राहिम आदिलशहानें वसुली हिशेबांत फारशी काढून देशी भाषा आणली व ब्राह्मण कारकून नेमले, असें फिरिश्ता सांगतो. पण भाषा देशी झाली तरी हिशेबाची परिभाषा परकीच राहिली. आमच्या खेड्यांतील कुलकर्णी शुहूर सन लिहितांना इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस असे अरबी संख्याशब्द बिनदिक्कत लिही. ज्याच्या बोटांत अरबी संख्या बसल्या होत्या त्याला त्यांच्या पुढचें कुंपण परकें कशानें वाटणार?

येथें राज्यव्यवहारकोशाची आठवण होते. राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखालीं सिद्ध झालेल्या या ग्रंथाचे दहा वर्ग आहेत: राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग इत्यादि. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडांत अव्ययांस स्वतंत्र वर्ग आहे. राज्यव्यवहारकोशाच्या दहांत तसा वर्ग नाहीं. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत झाला, सुरनिसाचा सचिव झाला. ‘फक्त’, ‘हल्ली’, ‘अलबत’, ‘बिलकुल’, ‘खेरीज’, ‘बद्दल’ हे कोणाचे हुद्दे नव्हते. ते राहून गेले, आणि आजतागायत आहेत. नामें बदलावयास राजाज्ञा पुरते, अव्ययें आज्ञा ऐकत नाहींत. माधव जूलियन या नांवानें कविता करणाऱ्या पटवर्धनांनीं इ. स. १९२५ त फारशी-मराठी कोश छापला आणि इ. स. १९३८ त भाषाशुद्धीचा विवेक सांगणारा ग्रंथही लिहिला, यांत विसंगति आहे असें आम्हांस वाटत नाहीं. काढावयाचें काय व ठेवावयाचें काय हें ज्यानें मोजून पाहिलें आहे त्यानेंच तें ठरवावें.

देणें एकतर्फी नव्हतें. मराठींत ‘फक्त’चें काम करणारें आमचें घरचें अव्यय म्हणजे शब्दाला चिकटणारा ‘च’. महाराष्ट्री प्राकृतांत ‘च्चेअ’, ‘च्चिअ’ या रूपांनीं तो आढळतो. सातव्या शतकांतील धर्मकीर्तीनें संस्कृत ‘एव’चे जे तीन व्यवच्छेद वेगळे केले, ते मराठी ‘च’ला जसेचे तसे लागू पडतात. ‘शंख पांढराच’ म्हणजे पांढरेपणा नाहीं असें होत नाहीं. ‘पार्थच धनुर्धर’ म्हणजे दुसरा कोणी तसा नाहीं. ‘कमळ निळें असतेंच’ म्हणजे कमळ निळें असणें अगदींच अशक्य नाहीं. हा ‘च’ मराठींतून दक्खनी उर्दूनें उचलला. हैदराबादेकडील मुसलमान ‘ऐसाइच’, ‘मैंइच’ म्हणतो तो आमचा ‘च’ होय. दरबारानें आम्हांस रकमेपुढचा शब्द दिला, आम्हीं त्याच्या बोलण्याला शेपूट दिलें. पुढें इंग्रजीवरही हाच प्रयोग झाला. हिंदुस्थानांतील माणूस ‘टुडे ओन्ली’ म्हणतो, तेव्हां तो ‘आजच’ म्हणत असतो. विलायती साहेबाला त्यांत ‘आजच्यापुरतें’ असा भलताच अर्थ दिसे.

आतां ‘मात्र’कडे वळूं. ‘मा’ म्हणजे मोजणें या धातूचा हा शब्द. पाणिनीनें (५.२.३७) प्रमाण दाखविणारे जे तीन प्रत्यय सांगितले त्यांत द्वयसच् व दघ्नच् यांच्या जोडीला मात्रच् आहे, मांडीइतकें खोल पाणी तें ‘ऊरुमात्र’. मापाचा शब्द असल्यामुळें त्याला दोन तोंडें फुटलीं. माप भरलें तर ‘सगळें’, माप संपलें तर ‘तेवढेंच’. अमरसिंहानें त्याचे कार्त्स्न्य व अवधारण असे दोन्ही अर्थ नोंदविले आहेत. मराठी समासांत ते दोन्ही आजही जिवंत आहेत: ‘प्राणिमात्र’ म्हणजे सगळे प्राणी, ‘नाममात्र’ म्हणजे नांवापुरतें. परंतु समासांतून सुटून एकट्या फिरणाऱ्या ‘मात्र’नें मराठींत तिसराच मार्ग धरला. ‘सगळे आले, तो मात्र आला नाहीं’ हें वाक्य पाहावें. ‘तेवढा तोच आला नाहीं’ असा त्याचा पहिला अर्थ. पण एकाला निराळा काढला कीं बाकीच्यांशीं त्याचा विरोध आपोआप दिसतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनांत हळूहळू विरोधच मुख्य होतो. मग ‘पाऊस पडला; पीक मात्र गेलें’ यांत ‘तेवढेंच’ हा अर्थ जवळजवळ लोपून ‘परंतु’ उरतो. शब्दाची जागा तेवढी जुनीच राहिली. प्रत्ययाच्या वंशाला शोभेल असा तो अजूनही दुसऱ्या शब्दाच्या पाठीमागेंच येतो, वाक्याच्या आरंभीं येत नाहीं. (दैनिकांत हल्लीं येतो, तें निराळें.) हिंदीनें हा मार्ग धरला नाहीं. हिंदींत ‘मात्र सौ रुपये’ म्हणजे फक्त शंभर रुपये.

एका मापाच्या शब्दाचा ‘परंतु’ व्हावा हा मराठीचा तऱ्हेवाईकपणा नव्हे. खुद्द ‘फक्त’चें तुर्कांकडे काय झालें पाहा. तुर्की भाषेंत ‘फकात’ म्हणजे ‘परंतु’. तेथें ‘फक्त’ म्हणावयाचें असल्यास दुसरे शब्द घ्यावे लागतात. उझबेकांकडे तोच शब्द मूळ अर्थानें राहिला. म्हणजे हिंदी व मराठी यांचें ‘मात्र’विषयीं जें झालें तेंच उझबेकी व तुर्की यांचें ‘फक्त’विषयीं झालें, आणि यांपैकीं कोणी कोणाचें पाहून केलें असें म्हणावयास जागा नाहीं. जुन्या चिनी ग्रंथांत ‘तेवढेंच’ या अर्थीं येणारा ‘दान्’ हा शब्द आजच्या चिनी भाषेंत ‘परंतु’ झाला आहे. जपानी भाषेंत ‘तदा’ म्हणजे फक्त, तर त्याचाच सोयरा ‘तदाशी’ कायद्याच्या कलमांत ‘परंतु असें कीं’ या ठिकाणीं येतो. जर्मन ग्रंथकार ‘एकटा’ या अर्थाचा ‘आलाइन’ शब्द ‘परंतु’ म्हणून वापरीत. इंग्रजी ‘बट’ची कथा सर्वांत बोधक आहे. मुळांत तो ‘बाहेर’. त्यावरून ‘वगळून’, त्यावरून एकीकडे ‘केवळ’ व दुसरीकडे ‘परंतु’. आमच्या ‘खेरीज’चें मूळही ‘बाहेर’ या अर्थाचा अरबी ‘खारिज’ हेंच. कुंपणाला दोन बाजू असतात. आंतून पाहणाऱ्यास ‘एवढेंच’ दिसतें, बाहेरून पाहणाऱ्यास ‘हें सोडून’ दिसतें.

सगळेच ‘फक्त’ मात्र या वाटेनें जात नाहींत. ‘शुद्ध, भेसळ नसलेलें’ या अर्थापासून निघालेला एक मोठा वर्ग आहे. लॅटिन ‘मेरुस’ म्हणजे पाणी न घातलेलें मद्य. त्यावरून इंग्रजी ‘मीअर’. अरबी ‘सिर्फ’ म्हणजे निर्भेळ. तो हिंदींत ‘फक्त’ झाला. आमचें ‘निव्वळ’ म्हणजे गाळ बसून स्वच्छ झालेलें पाणी. त्यावरून ‘निव्वळ नफा’ व ‘निव्वळ थापा’. संस्कृत ‘केवल’ही एकटा, शुद्ध व संपूर्ण अशा तिन्ही अर्थांचा आहे. म्हणून जुन्या मराठी पोथींत ‘केवळ’ आढळल्यास तो उणा करणारा आहे कीं पूर्ण करणारा आहे हें संदर्भावरून पाहावें. एखाद्या सत्पुरुषाला ‘केवळ ईश्वर’ म्हटलें असतां त्याची पायरी कमी केली असें होत नाहीं. तो साक्षात् ईश्वर असें म्हटलें जातें. भाषांतरकार येथें इंग्रजी ‘ओन्ली’ घालून मोकळे झाले, तर त्या सत्पुरुषावर अन्याय होईल.

आतां मूळ आक्षेप सांगतों. ‘रुपये शंभर मात्र’ असें मराठींत लिहिलें तर हिंदी डोळ्याला वाक्य बंद दिसतें, मराठी कानाला तें उघडें वाटतें. ‘शंभर रुपये मात्र...’ पुढें काय? मिळाले नाहींत? उशिरा मिळाले? जो शब्द तुर्कांच्या ‘फकात’प्रमाणें पुढच्या वाक्याची वाट पाहतो त्याला रकमेच्या वेशीवर पहारेकरी नेमणें हें वेशीचें दार उघडें टाकण्यासारखें आहे. ‘केवळ’ तेथें चालत नाहीं, कारण तो आपल्या पुढच्या शब्दाला धरतो, मागच्याला नाहीं. ‘शंभरच’ म्हटलें तर तक्रार किंवा हट्ट ऐकूं येतो. मर्यादा घालून गप्प बसणारा असा आज मराठींत ‘फक्त’ एकच आहे. ज्या नाणेघाटाच्या लेखांत सातवाहनांच्या यज्ञांतील दक्षिणांच्या गाई, घोडे व कार्षापण शब्दांनीं व अंकचिन्हांनीं नोंदले आहेत, तेथें असा शब्द लागला नाहीं. खडकांत खोदलेल्या आंकड्यापुढें कोणी सहज पन्नास घालूं शकत नव्हता. जुन्नरी कागदाची गोष्ट निराळी.

म्हणून संग्राहकांस एवढी विनंती करतों. खताची नक्कल करतांना रकमेच्या पुढचीं अक्षरें, रेघ किंवा खूण जशी असेल तशी उतरावी, अनावश्यक म्हणून गाळूं नये. हिंदी दस्तैवजाचें मराठी करतांना तेथील ‘मात्र’ तसाच ठेवूं नये, ‘फक्त’ करावा. आणि मराठी कागदाचें हिंदी करतांना आमच्या ‘मात्र’चा ‘किंतु’ करावा. पत्राच्या अखेरचा एकटा ‘फकत’ भाषांतरांत आणावयाचाच असेल तर ‘लेखनसीमा’ हा आमचा जुना शब्द तेथें बरोबर बसतो.