आत्याची चौकशी

* शहापूर-मुरबाडच्या रुग्णांना ‘आईला, मावशीला अंडाशयाचा कर्करोग होता का’ एवढेच विचारून या लेखाचे लेखक थांबतात. ते अपुरे आहे. बीआरसीए-१ (शोध १९९४) आणि बीआरसीए-२ (१९९५) या जनुकांतला दोष मुलीला वडिलांकडूनही ५० टक्के शक्यतेने मिळतो, म्हणून आत्या आणि वडिलांची आई यांचीही चौकशी हवी. पहिल्या जनुकात दोष असल्यास ८० वर्षांपर्यंत अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता सुमारे ४४ टक्के, दुसऱ्यात १७. एरवी ती एक-दोन टक्क्यांच्या आतच. बहुतेक रुग्णांत असा वारसा नसतो, हा आक्षेप खरा. पण जिच्यात दोष सापडतो, तिच्या निरोगी बहिणी-मुली वाचू शकतात, आणि मला हेच मोलाचे वाटते. कळून उपयोग काय, असेही म्हणतात. आजार वेळीच ओळखण्यासाठी सोनोग्राफीवर भिस्त ठेवता येत नाही, हे मान्य. मात्र मुले झाल्यावर, साधारण ३५ ते ४५ या वयात, अंडाशय व गर्भनलिका काढल्यास धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो. याच भागातल्या डोळखांब-टोकावड्याहून खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग केंद्रापर्यंत जाणे म्हणजे मजुरी बुडणे, म्हणूनच कोणाला तिथे पाठवायचे, हे गावच्या दवाखान्यातच या बिनखर्चाच्या प्रश्नांनी ठरावे. — संपादक