लसजन्य इजेचा दावा : दावेदाराच्या मृत्यूनंतर

लस टोचल्यामुळे झालेल्या हानीबद्दल भरपाई मागणारी व्यक्ती निवाड्यापूर्वी मरण पावल्यास तिच्या दाव्याचे काय होते, हा प्रश्न अपकृत्यविधीतील एका फार जुन्या प्रश्नाचेच आधुनिक रूप होय. व्यक्तिगत स्वरूपाचा वाद व्यक्तीबरोबरच संपतो, असे इंग्लंडच्या कॉमन लॉमधील सूत्र होते. परिणामी जखमी मनुष्य जगला, तर प्रतिवादी भरपाई देणे लागे आणि तो मेला, तर प्रतिवादी सुटे. १८४६ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने मृताच्या पत्नी, पती, मातापिता व अपत्ये यांना त्यांच्या स्वतःच्या हानीबद्दल भरपाई मिळू लागली. खुद्द मृताचा वादहक्क त्याच्या वारसांकडे जाण्यासाठी मात्र १९३४ चा अधिनियम व्हावा लागला. भारतात १९२५ च्या उत्तराधिकार अधिनियमाच्या ३०६ व्या कलमाने बहुतेक वादहक्क मृत्यूनंतर टिकतात. तथापि ज्यांमुळे मृत्यू ओढवला नाही, अशा शारीरिक इजांचे दावे त्यातून वगळलेले आहेत.

मृत्यू इजेमुळे झाला की अन्य कारणाने, हाच भेद पुढे अमेरिकेत निर्णायक ठरला. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लशीसंबंधी तेथे दाव्यांची रीघ लागली व काही उत्पादकांनी लसनिर्मिती सोडली. तेव्हा काँग्रेसने १९८६ साली राष्ट्रीय बाल्यावस्था लस-इजा अधिनियम संमत केला. १ ऑक्टोबर १९८८ पासून सुरू झालेल्या या योजनेत दावा संघशासनाविरुद्ध चालतो, उत्पादकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही आणि भरपाई लशीच्या मात्रांवरील करातून उभारलेल्या निधीतून दिली जाते. लसजन्य मृत्यूसाठी २,५०,००० डॉलर ठरविण्यात आले. २०२४ अखेरही ही रक्कम वाढविलेली नव्हती. इजेचा अर्ज पहिल्या लक्षणापासून ३६ महिन्यांत, तर मृत्यूचा अर्ज मृत्यूपासून २४ महिन्यांत आणि पहिल्या लक्षणापासून ४८ महिन्यांच्या आत करावा लागतो.

अधिनियमाच्या शब्दयोजनेत लसजन्य मृत्यू आलेल्याच्या प्रतिनिधीचा उल्लेख होता; लशीमुळे इजा होऊन अन्य कारणाने मरण पावलेल्याचा नव्हता. ही उणीव न्यायालयांना भरून काढावी लागली. अनेक वर्षे प्रलंबित राहिलेल्या एका दाव्यात अर्जदार स्त्री लसजन्य इजेनेच मरण पावली. तिच्या वारसांना केवळ मृत्यूची ठराविक रक्कम मिळावी, अशी शासनाची भूमिका होती. ती मान्य झाली असती, तर दाव्यास झालेला विलंबच शासनाच्या पथ्यावर पडला असता. फेडरल सर्किट अपील न्यायालयाने २००८ मध्ये ती फेटाळून इजेची व मृत्यूची अशा दोन्ही भरपाया मंजूर केल्या. २०१२ च्या निर्णयात मात्र मृत्यूचा अर्ज मुदतीत, पण इजेची ३६ महिन्यांची मुदत उलटलेली असल्याने वारसांना २,५०,००० डॉलरच मिळू शकले. अखेर २०१३ मध्ये, इन्फ्ल्यूएंझाच्या लशीनंतर मज्जातंतूंचा विकार जडून पुढे कर्करोगाने वारलेल्या गृहस्थाच्या वतीने त्याच्या पत्नीला अर्ज करता येतो, असे त्याच न्यायालयाने ठरविले. अशा दाव्यात मृत्यूची ठराविक रक्कम मिळत नाही व भावी शुश्रूषेच्या खर्चाचा प्रश्नच उरत नाही. मृत्यूपर्यंतचा औषधोपचाराचा खर्च, बुडालेले उत्पन्न आणि सोसलेल्या वेदना एवढ्यांचाच विचार होतो.