आखूड, मऊ धावपट्टी आणि लहान विमानांचे अपघात

लहान विमानाच्या उड्डाणात धावपट्टीची अपुरी लांबी आणि जमिनीचा मऊपणा या दोन अडचणी एकत्र आल्या की धोका कितीतरी वाढतो. ओले गवत, भुसभुशीत माती वा चिखल चाकांना मागे ओढतो, वेग सावकाश वाढतो आणि उड्डाणास अधिक अंतर लागते. भोपाळच्या अवधपुरीसारख्या भागात पावसाळ्यात काळ्या मातीत सायकलही रुतते. विमानाच्या चाकाला ती माती वेगळी वागणूक देत नाही.

म्हणून मऊ जमिनीवर वैमानिक धावतानाच विमानाचे नाक किंचित उचलून चाकांवरील भार लवकर पंखांवर घेतो. जमिनीलगत, पंखांच्या विस्ताराहून कमी उंचीवर, हवेचा विरोध घटतो. त्यामुळे विमान अपुऱ्या वेगातही तरंगू लागते. तसेच खाली राहून त्याने वेग मिळवायचा असतो. घात इथेच होतो. पट्टी संपत आलेली, समोर झाडे. वैमानिक घाईने नाक वर ओढतो, जमिनीलगतचा तो लाभ सुटतो, विरोध वाढतो आणि पंख विमानाला पेलेनासे होतात. अर्ध्या पट्टीपर्यंत उड्डाणवेगाच्या 70 टक्के वेग आला नाही तर उड्डाण सोडून द्यावे, हा ठोकताळा त्यासाठीच आहे. ओल्या गवतावर ब्रेकही नीट लागत नाहीत, तेव्हा उशीर परवडत नाही.

6 फेब्रुवारी 1958 रोजी म्युनिक येथे विमान मोठे होते, पट्टीही लांब. तरी वितळत्या बर्फाच्या रबडीत 117 नॉटपर्यंत गेलेला वेग 105 वर घसरला. 23 जणांचा बळी गेला. दोष आधी कॅप्टन जेम्स थेन यांच्या माथी मारला गेला. ते 1969 मध्ये त्यातून मुक्त झाले.

आपल्याकडे टाटांची हवाई टपाल 1932 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, तेव्हा मुंबईचा तळ म्हणजे जुहूचे मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. मग विमाने पुण्यास, येरवडा तुरुंगालगतच्या मैदानावर हलवीत. याहून शहाणा उपाय नाही.

गोव्याने मात्र उलट साहस पाहिले. 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय हवाई दलाने दाबोळीची धावपट्टी बाँबने उखडली. त्या रात्री खड्डे घाईने बुजवून पोर्तुगीजांनी दोन प्रवासी विमाने बाहेर काढली. पहिल्या, लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानातील जादा आसने भार कमी करण्यासाठी काढून टाकण्यात आली; सुमारे 700 मीटरांत त्याने जमीन सोडली. उडालेल्या खडीने त्याच्या अंगाला भोके पडली, तरी दोन्ही विमाने कराचीस पोहोचली.