जुन्या पद्मिनीला पॉवर ब्रेक: बूस्टर काय करतो, काय करत नाही

जालना जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी जपणाऱ्याला अशा रस्त्यांवर ब्रेकची काळजी वाटते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही १०८९ सीसीची गाडी मुळात चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली. पॅडल दाबायचे ते पायाच्याच जोरावर.

पॉवर ब्रेक म्हणजे पॅडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये बसवलेला गोल डबा, म्हणजेच बूस्टर. पेट्रोल इंजिन हवा ओढते तेव्हा त्याच्या इनटेकमध्ये निर्वात तयार होतो. एका नळीने तो डब्यातल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोहोचतो. पॅडल दाबताच पडद्यामागे बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. २० सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. दाबातला फरक प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो धरला, तर जवळपास १९० किलोंची मदत मिळते.

मात्र ही मदत पायाला होते. पूर्वीही जोर लावून चाके जाम करता येत असतील, तर नुसत्या बूस्टरने गाडी कमी अंतरात थांबणार नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट उष्णता पचवावी लागते. तापलेल्या ड्रमची पकड ढिली पडते, त्यावर बूस्टरकडे उपाय नाही. शिवाय ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर आपोआप ओढला जातो. त्यात बूस्टरची भर पडली की ब्रेक एकदम पकडतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी घसरते. म्हणून बूस्टरच्या आधी पुढच्या चाकांना डिस्क बसवणे अधिक शहाणपणाचे.

त्याहूनही आधी मास्टर सिलिंडर पाहा. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना एकच सर्किट असे. एका जागी गळती झाली की सगळेच ब्रेक जातात. दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर, नवे रबरी होज आणि ताजे ब्रेक ऑइल एवढे काम जरी केले, तरी निम्मी काळजी मिटते. माझ्या मते पैसे थोडे असतील तर ते इथेच घालावेत.

गाडीत नंतर डिझेल इंजिन बसवले असेल, तर इनटेकमध्ये पुरेसा निर्वात मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरलाच जोडलेला असतो.

काम झाल्यावर तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पॅडल किंचित खाली गेले तर बूस्टर चालतो. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले, तर साठलेल्या निर्वातावर एक-दोन वेळाच मदत मिळते. पुढे पॅडल दगडासारखे होते.

कागदपत्रांचेही पाहा. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते. अशी नोंदणी करायची असेल, तर पत्रा कापण्याआधी जालन्याच्या आरटीओत विचारा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवा.